जागच्या जागी ताशी तीनशे

चाकाचा शोध माणसाने कुठेतरी जाण्यासाठी लावला, ही समजूत जितकी जुनी तितकीच हलक्या दर्जाची आहे. कुठेतरी जायचं असतं ते गरजू माणसाला. ज्याला दवाखाना गाठायचा आहे, तहसीलमधून दाखला काढायचा आहे, बाजार समितीत कापूस न्यायचा आहे, असा माणूस गाडीत जागा आहे का आणि भाडं किती, एवढंच विचारतो. त्याचं गाडीवर प्रेम नसतं, गाडीशी काम असतं. निखळ प्रेम करायचं तर तिने आपल्याला कुठे पोहोचवावं ही अपेक्षा आधी सोडावी लागते. फळाची आशा सोडलेली अशी मंडळी आता आपल्याकडेही तयार झाली आहेत. कुणी लाखो रुपये घालून शर्यतीची गाडी स्वतः बांधतं, जी रस्त्यावर आणायला कायद्याने बंदी आहे. कुणी त्याच्याही पुढे जाऊन घराच्या माडीवर सिम्युलेटर बसवतं, जो जागचा हलतच नाही. अशांना गावात येडे म्हणायची पद्धत आहे. प्रस्तुत लेख त्या येड्यांच्या बाजूने आहे.

धामणगाव रेल्वेला तरी हे येड परकं वाटू नये. वेग म्हणजे काय ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो आहोत, फलाटावर उभं राहून. मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गावाला चिरत गेला आहे, गावाच्या नावातच रेल्वे आहे, आणि इथे न थांबणाऱ्या गाड्या अशा काही तोऱ्यात निघून जातात की बाकड्यावरच्या माणसाने टोपी धरावी. आता तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला. लांबी 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 ची मुभा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि शेवटचा 5 जून 2025 ला. या रस्त्यावर दुचाकीला मनाई, तीनचाकीला मनाई, बैलगाडीचं तर नावच नको. ज्या वावरात बैलाने जन्मभर डवरा ओढला, त्याच वावरावरून गेलेल्या रस्त्यावर बैलाला पाय ठेवता येत नाही. थोडक्यात, वेगाशी आमचं नातं प्रेक्षकाचं आहे, आणि चांगल्या शौकिनाची तयारी प्रेक्षक म्हणूनच होते.

याउलट जी वाहनं वऱ्हाडात माणसांना खरोखर कुठेतरी नेत होती, त्यांचं काय झालं? यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर धावणारी आपली शकुंतला घ्या. अरुंद रूळ, मालकी किलिक निक्सनच्या खासगी कंपनीची, मँचेस्टरला 1921 साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढलं आणि मग डिझेलचं लागलं. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येईल अशी तिची चाल. गरीब माणूस तिच्यातून बाजाराला जायचा, पोरी सासरी जायच्या, कापूस जायचा. इतकी उपयोगी गाडी बंद पडणार नाही तर काय होणार? उपयोगी वस्तूला तोटा होतो. निरुपयोगी वस्तूला तोटा होतच नाही, कारण तिच्याकडून कुणी नफ्याची अपेक्षाच केलेली नसते. शहाण्याने यातून धडा घ्यावा.

धडा घेतलेल्या एका शहाण्याच्या माडीवर आता आपण जाऊ. हा शौकीन पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता, महामारीत घरून काम करायला म्हणून आला आणि राहिला. कापसाची गंजी लागायची त्या खोलीत आज ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा उभा आहे. त्यात शर्यतीच्या गाडीतलं खोलगट आसन, इतकं अरुंद की बसताना कुल्ले आवळावे लागतात. समोर अर्धवर्तुळात तीन पडदे. स्टिअरिंगच्या मागे मोटर, जी चाकाचा प्रत्येक हिसका मनगटाला परत देते. गाडी भिंतीवर आदळली आणि अंगठा आत राहिला तर तो खरोखर मुरगळतो. ब्रेकमध्ये लोड सेल, म्हणजे पाय किती खाली गेला हे तो मोजत नाही, किती जोराने दाबला ते मोजतो. आणि खऱ्या रेस कारसारखं थांबायचं तर माणूस अक्षरशः त्याच्यावर उभा राहतो. आसनाखाली थरथरणारी यंत्रं, ती इंजिनाची धडधड मणक्यापर्यंत पोहोचवतात. शर्यतीच्या गाडीत चालकाला भयंकर उकडतं, त्याची नक्कल मात्र विकत घ्यावी लागली नाही. ती धामणगावात मे महिन्यात फुकट मिळते.

शौकिनाचे आजोबा एकदा काठी टेकत माडीवर आले. नातू घामाने निथळत होता, दात आवळलेले, डोळे पडद्यावर. आजोबांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

“काय रे बावा, हे गाडी कुठी जाते?”

“कुठीच नाही जात, आबाजी.”

“मंग तुले एवढा घाम काहून आला?”

“ब्रेक जड हाय न.”

आजोबांनी मान डोलावली. “बरं हाय. डिझेल तं वाचते,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

या यंत्रावर झालेल्या समीक्षांत यापेक्षा समतोल समीक्षा माझ्या वाचनात नाही.

आता खर्चाचं. हौसेला मोल नाही असं म्हणतात ते खोटं आहे. हौसेला मोल असतं, फक्त ते घरात सांगायचं नसतं. मोटरवालं स्टिअरिंग, पेडल, सांगाडा, आसन, तीन पडदे, आणि हे सगळं ओढेल असा संगणक मिळून चार लाखांचा हिशेब धरू. धामणगावात कुठलाही आकडा कापसात मोजल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे माडीवरची ही गाडी सुमारे 50 क्विंटलची. कोरडवाहू वावरात 50 क्विंटल कापूस निघायला किती एकर, किती फवारण्या आणि किती नवस लागतात, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण तुलना केली की शौकिनाचीच बाजू जड ठरते. पऱ्हाटीवर केलेला खर्च बोंडअळी खाते, अवकाळी पाऊस भिजवतो, उरलासुरला भाव पाडून घेतात. सिम्युलेटरवर केलेला खर्च वाया जायचा प्रश्नच येत नाही. तो जाणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. इतकी निश्चितता शेतीत कधी होती?

शिवाय इथे शिस्त आहे. आयरेसिंग नावाचा संगणकावरच्या शर्यतींचा एक प्रकार 2008 पासून चालू आहे. त्यात शर्यतीला बसायचं तर आधी वर्गणी. मग बहुतेक गाड्या वेगळ्या विकत, बहुतेक ट्रॅक वेगळे विकत. अस्तित्वात नसलेल्या रस्त्यावर अस्तित्वात नसलेली गाडी चालवायचा टोल म्हणा. त्यानंतर परवाना. नवख्याला सगळ्यात खालचा, आणि पुढे ड, क, ब, अ असे चढते दर्जे. चारही चाकं पट्ट्याबाहेर गेली की नावावर एक गुन्हा. गाडीवरचा ताबा सुटला, दोन. दुसऱ्या गाडीला जोरात धडक, चार. गुन्हे साचले की परवान्याचा दर्जा घसरतो. माझ्या माहितीतला हा शौकीन सकाळी फटफटीवर डबल सीट, विना हेल्मेट, उलट्या बाजूने बाजारात जातो आणि दूध घेऊन येतो. तेव्हा त्याला कुणी अडवत नाही. रात्री मात्र जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर पांढऱ्या रेषेबाहेर चाकं गेली म्हणून तो डोकं धरून बसतो. वाहतुकीचे नियम आपल्या लोकांना पाळता येत नाहीत ही तक्रार किती निराधार आहे, ते यावरून कळेल. फक्त रस्ता खरा नसला पाहिजे.

या न्युर्बुर्गरिंगबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. 1927 साली डोंगर-जंगलातून काढलेला हा शर्यतीचा रस्ता. त्याचा उत्तरेकडचा वळसा जवळपास 20.8 किलोमीटरचा आणि वळणं सत्तरच्या वर. निकी लाउडा 1976 मध्ये इथेच पेटत्या गाडीत भाजला आणि फॉर्म्युला वनने त्या वळशाकडे कायमची पाठ फिरवली. आता हा अख्खा रस्ता लेझरने मोजून संगणकात भरलाय, कुठल्या वळणावर डांबर किती फुगलंय त्यासकट. धामणगावचा पोरगा डोळे मिटून सांगतो की अमुक झाडाजवळ उजवं चाक अर्ध्या इंचाने उडतं. हा रस्ता त्याने पाहिलेला नाही, पाहण्याची शक्यताही बेताची. स्वतःच्या घरापासून स्वतःच्या वावरापर्यंतच्या पांदणीत कुठे किती चिखल आहे, हे मात्र त्याला विचारू नये. तो रस्ता अजून कुणी संगणकात भरलेला नाही.

हे खूळ नवं आहे, परदेशी आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी इतिहास वाचलेला नाही. बसल्या जागी वाहन चालवण्याची कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये 1910 च्या सुमारास ॲन्टोइनेट कंपनीने लाकडी पिंप अर्धं कापून त्यात शिकाऊ वैमानिकाला बसवलं. पिंप बाहेरून हलवायला माणसं ठेवलेली, आणि वैमानिकाने आत बसून तोल सावरायचा. पुढे अमेरिकेत एडविन लिंक याने 1929 मध्ये खरं यंत्र बनवलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तेव्हा भाते घरचेच. त्या भात्यांवर त्याने ठेंगणं निळं विमान डोलवलं. वैमानिकांना शिकवायला ते उपयोगी पडेल हे सैन्याच्या ध्यानी यायला 1934 उजाडलं, तोवर ते विकत घेत होते जत्रेतले करमणूकवाले. म्हणजे सिम्युलेटर आधी खेळणं होता आणि मग शहाणा झाला. आजचा सिम्युलेटर पुन्हा मूळ धर्मावर आला आहे, इतकंच.

पण फ्रान्स आणि अमेरिकेचं कौतुक आपण विदर्भातल्या लोकांनी का करावं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्या पोळ्यात खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत तोरणाखाली उभी राहतात आणि घरोघर जाऊन बोजारा मागतात. नागपूरकर भोसल्यांनी 1806 साली ही चाल सुरू केली असं परंपरा सांगते. वाड्यातला थोराड लाकडी बैल आजही दाखवतात. विचार करा. वावर नाही, कासरा नाही, चारा नाही, शेण नाही. फक्त बैल हाकल्याचा आनंद आणि वर बक्षीस. उत्कृष्ट सजावटीला नंबर वेगळा. सव्वाशे वर्षांनी लिंकसाहेबाने भाते लावून जे साधलं, ते आमच्या सुताराने रंध्याने साधलेलं होतं. नुसतं पेटंट घ्यायचं राहिलं. मराठी माणूस धंद्यात मागे पडतो तो असा.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू, म्हणजे गाडी स्वतः बांधणाऱ्यांकडे. सिम्युलेटरवाला निदान हप्त्यावर वस्तू आणतो. हे लोक नळ्या कापतात, वेल्डिंग करतात, दुचाकीचं इंजिन काढून चारचाकीत बसवतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांत या येडाला मान्यता आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या आरंभी निघालेली विद्यार्थ्यांची फॉर्म्युला स्पर्धा आपल्याकडेही फोफावली. कोईमतूरला फॉर्म्युला भारत होते, आणि मातीच्या ट्रॅकवरच्या गाड्यांची बाहा इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. वऱ्हाडातली पोरंही या वाटेला लागतात. वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री काढायच्या, घरी सबमिशन आहे सांगायचं, प्रायोजक म्हणून काकाच्या कृषी केंद्राचं नाव गाडीच्या नाकावर रंगवायचं. मग स्पर्धा. फॉर्म्युलात वेगाची परीक्षा 75 मीटरची. सगळ्यात मोठी शर्यत साधारण 22 किलोमीटरची, आणि तेवढ्यातही मध्ये चालक बदलायचा. पुष्कळ गाड्या त्या 22 किलोमीटरांत धारातीर्थी पडतात. धामणगावहून पुलगावला सायकलवर दूध घालणारा गवळी तेवढं अंतर रोज तोडत असेल, पण त्याच्याकडे डिझाइन रिपोर्ट नाही. या मुलांना गाडीसोबत खर्चाचा तपशील आणि धंद्याची योजनाही परीक्षकांपुढे मांडावी लागते: ही गाडी हौशी शर्यतवाल्यांना विकून आमची कंपनी नफा कशी कमावेल. ती योजना बरी जमली तर मुलाला पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी लागते. कशाची, हे विचारू नये. बहुधा संगणकाचीच.

बांधलेली गाडी रस्त्यावर काढायची मात्र सोय नाही. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावलं. मग अख्खी गाडीच घरी रचली असेल तर नंबरप्लेटचं नाव काढायलाच नको. चालवायची तर ट्रॅकवर. मोटार शर्यतीचे मोठे ट्रॅक देशात मोजके: चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईमतूरचं कारी, दिल्लीजवळ बुद्ध. धामणगावहून कुठलाही घ्या, हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून पुढे. तेव्हा ताशी दोनशेने धावू शकणारी गाडी दोऱ्या आवळून ट्रकवर चढवतात आणि ट्रक तिला ताशी चाळीसने ट्रॅकवर नेतो. वाटेत ढाब्यावर ट्रकचा क्लीनर ताडपत्री वर करून बघतो आणि विचारतो, “हे चालते काय?” त्याला खरं उत्तर देण्याची हिंमत कुणात नसते.

ज्यांनी लोकांना बसता येईल अशी गाडी बांधली त्यांचीही आठवण ठेवू, म्हणजे आपला मुद्दा पक्का होईल. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या सुमारास स्वतःच्या हाताने छोटी मोटार बनवली, पुढे तिच्या आवृत्त्या सुधारत नेल्या, नाव ठेवलं मीरा. स्वस्त, सामान्य माणसाची गाडी. नॅनोचं नाव जन्मायच्या कितीतरी आधीची. ती बाजारात कधी आलीच नाही. याउलट यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, तिथल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनवली. आनंद महिंद्रा यांनी तिची चित्रफीत पाहिली, ही नियमात बसत नाही म्हणून रस्त्यावर चालू देणार नाहीत असं म्हटलं, आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो दिली. नियमात बसेल अशी गाडी बनवण्याची धडपड जन्मभर करावी आणि हाती काही लागू नये. नियमात न बसणारी बनवावी आणि दारात बोलेरो यावी. यापुढे कुणी काय बनवावं, हे मी वेगळं सांगत नाही.

सरकारही या बाबतीत अरसिक नाही. फॉर्म्युला वनची शर्यत 2011, 2012 आणि 2013 अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. मग ती गेली. मागे उरलं ते 5 किलोमीटरचं डांबर आणि कराचा खटला. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि एप्रिल 2017 मध्ये निकाल लागला की वर्षातून थोडे दिवस येऊन वाऱ्यासारखा निघून जाणारा हा धंदा भारतात करापुरता ‘स्थायी आस्थापना’ ठरतो. जगातली सर्वांत वेगवान गोष्ट कायद्याने स्थिर ठरवण्याचा मान आपला आहे. माडीवरच्या शौकिनाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

हे सगळं खरं असलं तरी आमच्या तालुक्याने हा विषय याआधीच हातावेगळा केलेला आहे. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, विदर्भभर प्रसिद्ध आहे. पटाचा छकडा म्हणजे शुद्ध रेस कार: जेवढं लाकूड-लोखंड टाळता येईल तेवढं टाळलेलं, धान्याचं एक पोतंही नेता येणार नाही असं, धुरकऱ्याला धड बसायलाही जागा नाही. त्याला जुंपायची जोडी लाखांच्या घरात. या जोडीला वखर लावत नाहीत, डवरा लावत नाहीत, तिच्यासमोर नुसतं ‘पेरणी’ म्हटलं तरी मालकाला अपमान वाटतो. खुराक दूध, अंडी, उडीद, ढेप. घरातल्या पोराला सर्दी झाली तर काढा, बैलाने शिंक दिली तर जनावराचा डॉक्टर. वर्षभराच्या या तपश्चर्येनंतर झेंडी पडते आणि दहा सेकंदांच्या आत-बाहेर खेळ खलास. घड्याळ सेकंदाचे शंभर भाग मोजतं. दोन शंभरांशांनी हरलेला माणूस पुढचं वर्षभर चावडीवर त्या दोन शंभरांशांचा हिशेब देतो. हाच माणूस तूर मोजणीला तीन दिवस रांगेत उभा राहिला तरी तक्रार करत नाही. बायकाही इथे मागे नाहीत. तळेगावात महिलांचा पट होतो, कासोटा मारून त्या जोडी हाकतात आणि बघणाऱ्या पुरुषांचे श्वास अडकतात. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर पुष्कळ पटांत मोटरसायकल. बैल पळवून इंजिन मिळवायचं: वेगाच्या उत्क्रांतीचा धडा इतक्या थोडक्यात कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पटावर बंदी आली तो काळ तर सिम्युलेटरचा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात-साडेसात वर्षं पटाचा शौकीन काय करत होता? काहींनी जोड्या विकल्या. बाकीच्यांनी गोठ्यात पळण्याचे बैल बांधून ठेवले, त्यांना तोच खुराक घातला, संध्याकाळी बाजेवर बसून कोणत्या पटात कोण किती सेकंदांत सुटला असता याचे निकाल लावले. पट नाही, धाव नाही, घड्याळ नाही. सगळी शर्यत डोक्यात. ना पडदे, ना मोटर, ना लोड सेल. त्या मंडळींपुढे माडीवरचा पोरगा अगदीच नवशिका ठरतो.

मग महामारीत सगळं जगच आमच्या पंगतीला येऊन बसलं. ले मान्सची 24 तासांची शर्यत 1923 पासूनची. 2020 च्या जूनमध्ये ती मैदानावर होईना, तेव्हा 13 आणि 14 जूनला ती संगणकावर झाली. पन्नास गाड्या, दोनशे चालक, त्यांत फॉर्म्युला वनमधले खरे चालक, सगळे आपापल्या जागी खुर्चीत. खऱ्या शर्यतीतही माणूस वर्तुळातच फिरत असतो, हे त्यानिमित्ताने जाहीर कबूल झालं. 2023 च्या जानेवारीत मॅक्स वेर्स्टाप्पेन हा फॉर्म्युला वनचा जगज्जेता अशाच आभासी ले मान्समध्ये आघाडीवर असताना सर्व्हरने दगा दिला, संपर्क तुटून तो मागे पडला आणि चांगलाच संतापून शर्यत सोडून गेला. आमच्या पोराला या बातमीने भरून आलं. शेवटच्या फेरीत वीज जाणं म्हणजे काय, हे जगज्जेत्याला कळायला 2023 उजाडावं लागलं. धामणगावात ते प्रत्येकाला जन्मतः ठाऊक असतं. तेव्हापासून माडीवर मोठा इन्व्हर्टर आला आहे. खाली स्वयंपाकघरातला बल्ब त्याच्यावर जोडलेला नाही, भार पडतो म्हणून.

शौकीन लोक आपल्या बचावासाठी यान मार्डनबरो याचं उदाहरण देतात. हा ब्रिटिश पोरगा 2011 मध्ये व्हिडिओ गेमवरच्या स्पर्धेतून निवडला गेला, सुमारे 90,000 स्पर्धकांतून, आणि 2013 मध्ये खऱ्या ले मान्समध्ये आपल्या गटात तिसऱ्या स्थानी आला. त्यावर 2023 मध्ये सिनेमाही निघाला. माझी शौकिनांना हात जोडून विनंती आहे की हा बचाव करू नका. मार्डनबरो हा तुमच्या पंथातला फुटीर आहे. तो खुर्चीतून उठला, खऱ्या गाडीत बसला आणि कुठेतरी पोहोचला. उरलेले ज्या निष्ठेने खुर्चीतच राहिले, खरं कौतुक त्यांचं व्हायला हवं.

टीका करणारे विचारतात, एवढं डोकं, एवढा पैसा आणि एवढी चिकाटी कुठल्या कामी येईल का? येईल. म्हणूनच जाता जाता एक योजना सुचवतो. वावरात जायच्या रस्त्यांसाठी शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली. पण रस्ता म्हटला की मुरूम आला, मोजणी आली, शेजाऱ्याचा धुरा आला, त्यावरून तीन पिढ्यांचं भांडण आलं. त्यापेक्षा प्रत्येक गावातली पांदण लेझरने मोजून घ्यावी, श्रावणातल्या चिखलासकट, आणि ग्रामपंचायतीत एक सिम्युलेटर बसवावा. अडचण एकच: न्युर्बुर्गरिंगचं वळण जिथल्या तिथे राहतं, आमच्या पांदणीतला खड्डा दर पावसाळ्यात जागा बदलतो, पण ते संगणकवाल्यांनी बघावं. शेतकऱ्याने सकाळी येऊन आसनात बसावं, बैलगाडी निवडावी, चाक आसापर्यंत रुतल्याचा हिसका मनगटावर घ्यावा, जोर लावून बाहेर काढावं आणि पडद्यावर आपलं वावर दिसलं की ‘पोहोचलो’ म्हणून सही करावी. खत टाकल्याची, फवारणी केल्याची, कापूस घरी आणल्याची सोयही त्यातच करता येईल. रस्त्याचं उद्दिष्ट कागदावर शंभर टक्के पूर्ण होईल, आणि या पद्धतीचा अनुभव कार्यालयांना आधीपासून असल्यामुळे प्रशिक्षणाचा खर्चही वाचेल.

तोवर ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने सिम्युलेटर घ्यावा, ज्याच्या हातात कसब आहे त्याने गाडी बांधावी, ज्याच्याजवळ दोन्ही आहे त्याने पटाची जोडी पाळावी. लोक हसले तर हसू द्यावं. फक्त आज संध्याकाळच्या आत ज्याला खरोखरच कुठे पोहोचायचं असेल, त्याने हा लेख बाजूला ठेवून एसटी स्टँडवर जाऊन बसावं. लाल गाडी हळू जाते, पण जाते.